सिंक माझ्याच पाळीला का तुंबतं?

"तीन महिने झाले, स्वयंपाकघरातलं सिंक तुंबतंय. घरात आम्ही तिघी: आई, ताई आणि मी. सकाळची भांडी ताई घासते, रात्रीची मी. सकाळी पाणी व्यवस्थित जातं. रात्री मात्र चार बोटं साचून राहतं, जायला अर्धा तास लागतो. जाताना गुडगुड आवाज येतो आणि मागून वास. ताई म्हणते, तू खरकटं नीट काढत नाहीस म्हणून तुझ्याच पाळीला तुंबतं. यावरून घरात रोज खटके उडतात. सोडा आणि व्हिनेगर तीनदा ओतलं, उकळतं पाणी ओतलं. महिन्यापूर्वी प्लंबरने स्प्रिंग मारली, वीस दिवस बरं चाललं, मग पुन्हा तेच. चार महिन्यांपूर्वी सिंकखाली वळ्यावळ्यांचा पांढरा लवचिक पाइप बसवलाय. तो जरा लांब आहे, खाली लोंबतो. काल रात्री ड्रेन साफ करायच्या दाण्यांची दोन पाकिटं टाकली, आणि आज सकाळी पहिल्यांदाच पाणी गेलेलं नाही. आता रात्री संडास साफ करायचं ॲसिड टाकून बघते. चालेल ना?"

नाही, अजिबात चालणार नाही. तुमचं पत्र आज दुपारी वाचलं आणि बाकीची पत्रं बाजूला ठेवून आधी हे लिहायला बसलो, ते या शेवटच्या प्रश्नासाठी. ॲसिडची बाटली जिथे आहे तिथेच राहू द्या. सिंक का तुंबतं आणि कुणामुळे, ते पुढे नीट सांगतो. पण आत्ता तुमच्या सिंकमध्ये जे उभं आहे ते साधं पाणी नाही.

त्या दाण्यांत बहुतेक वेळा कॉस्टिक सोडा असतो, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड. पाकिटावरचे घटक वाचून खात्री करून घ्या. तो पाण्यात विरघळताना स्वतःच तापतो, आणि तेलातुपाचा साबण करतो. पाइपमधला ओशट थर सुटावा म्हणून तो विकतात, ते यासाठीच. पण कातडी आणि डोळा यांच्यापुढे तो तितकाच निर्दय आहे. डोळ्यात गेला तर नजर कायमची जाऊ शकते. त्यावर ॲसिड पडलं की दोघांच्या झटापटीत एवढी उष्णता निघते की पाणी उकळून तोंडावर उसळतं. आणि पूर्वी ओतलेल्या एखाद्या वस्तूत ब्लीच असेल, तर ॲसिडबरोबर क्लोरिन वायू तयार होतो. बंद स्वयंपाकघरात तो श्वासात जाणं जिवावर बेतू शकतं.

म्हणून आधी एवढं करा. खिडक्या उघडा. आईंना आणि ताईंना सांगा, या सिंकमध्ये कुणी हात घालायचा नाही, नळ सोडायचा नाही. प्लंजर, म्हणजे तुंबलेलं मोकळं करायचा रबरी दट्ट्या, आज मारायचा नाही. दाबला की तेच पाणी अंगावर येतं. खालचा ट्रॅपही, म्हणजे सिंकखालचं पाणी धरून ठेवणारं वाकण, आज उघडायचा नाही. ॲल्युमिनियमचं कोणतंही भांडं त्या पाण्याजवळ नेऊ नका. कॉस्टिक आणि ॲल्युमिनियम एकत्र आले की हायड्रोजन सुटतो, आणि तो पेट घेतो. काही पाकिटांत ॲल्युमिनियमचे बारीक तुकडे मुद्दामच घातलेले असतात, फसफसून मळ सुटावा म्हणून. तेव्हा सिंकला लागून शेगडी असेल तर हे निस्तरेपर्यंत ती पेटवू नका.

संध्याकाळपर्यंत पाणी आपोआप झिरपून गेलं तर चांगलंच. मग नळाची बारीक धार दहा-पंधरा मिनिटं सोडा. गार पाण्याची, गरम नको, कारण आत न विरघळलेले दाणे असतील तर ते आधीच तापायला टपलेले असतात. पाणी वर येऊ लागलं की धार लगेच बंद करा.

झिरपलं नाही, तर ते उपसावं लागेल. रबरी हातमोजे, पूर्ण बाह्यांचे कपडे, आणि डोळ्यांवर बाजूंनी बंद असलेला चष्मा. नंबरचा चष्मा पुरत नाही. प्लास्टिकच्या बादलीत आधी अर्धी बादली गार पाणी घ्या, आणि त्यात प्लास्टिकच्या मगाने सिंकमधलं पाणी सावकाश सोडा. क्रम उलटा करू नका. बादली संडासात हळूहळू रिकामी करून वर भरपूर पाणी ओता. अंगावर थेंब उडालाच तर वाहत्या पाण्याखाली निदान वीस मिनिटं धरा. डोळ्यात गेला तर लगेच धुवायला लागा, धूत असतानाच कुणाला तरी डॉक्टरांकडे न्यायची तयारी करायला सांगा. "कॉस्टिकवर उतारा" म्हणून व्हिनेगर लावायला जाऊ नका. फक्त पाणी.

हे इतकं बजावून सांगण्याचं कारण आहे. नळकामाला लागलो त्याच्या पहिल्याच वर्षी एका घरी ट्रॅप उघडला. आदल्या रात्री घरच्यांनी दाणे टाकले होते. त्यांचं सांगायचं राहिलं, माझं विचारायचं राहिलं. मनगटावरून पाणी ओघळलं ते आधी नुसतं बुळबुळीत लागलं. जळजळ नंतर सुरू झाली. ती बुळबुळ म्हणजे माझ्या कातडीवरच्या तेलाचा साबण होत होता. तेव्हापासून कुठल्याही सिंकखाली बसण्याआधी मी एकच गोष्ट विचारतो: आत काय काय टाकलंय? तुमच्याकडे कुणीही दुरुस्तीला आलं तर त्याने विचारायची वाट पाहू नका. दारातच सांगा.

आता तुमची पाळी आणि ताईंची पाळी.

तुमच्या पत्रातली सगळ्यात उपयोगी माहिती हीच आहे, आणि ती तुमच्या बाजूने बोलते. पाइप पूर्ण बंद झाला असता तर सकाळीही पाणी साचलं असतं. तुमचा पाइप कालपर्यंत अर्धवट बंद होता, म्हणजे आत बारीक वाट शिल्लक होती. रात्रभर कुणी पाणी वापरत नाही, त्यामुळे त्या बारीक वाटेने सगळं निथळतं आणि सकाळी अडथळ्याच्या अलीकडचा पाइप रिकामा मिळतो. सिंकच्या ४० मिलिमीटरच्या पाइपमध्ये एका मीटरला साधारण सव्वा लिटर पाणी मावतं. दोन-तीन मीटर पाइप रिकामा असेल तर तीन-चार लिटर पाणी तो चुपचाप पोटात घेतो आणि मग सावकाश सोडतो. ताईंच्या वेळी सिंक चांगलं वागतं ते यामुळे. रात्री दिवसभराचं पाणी आत रेंगाळलेलं असतं, ओशट भांडी जास्त असतात, पाणी सलग सोडलं जातं. पोटात जागाच नसते, म्हणून ते सिंकमध्ये दिसतं.

ताईंना हे सांगून पटेलच असं नाही. सिंक निदान कालच्यासारखं वाहायला लागलं की पाळ्या दोन दिवस बदलून बघा. ताई कितीही नीट खरकटं काढोत, तुंबेल ते रात्रीच. तुमच्या भांडी घासण्याचा याच्याशी फारसा संबंध नाही. संबंध आहे तो त्या लोंबणाऱ्या पाइपचा, आणि तारखाही तेच सांगतात: पाइप चार महिन्यांपूर्वी बदलला, त्रास तीन महिन्यांपूर्वी सुरू झाला.

त्या पाइपचं काय चुकतं ते नीट समजून घ्या, कारण पुढचा सगळा उपाय त्यावर उभा आहे. सिंकखाली एक वाकण असायलाच हवं. त्यात पाणी साचून राहतं आणि ते पाणी गटाराचा वास घरात येऊ देत नाही. यालाच आपण ट्रॅप म्हणतो. अलेक्झांडर कमिंग या घड्याळजीने १७७५ साली शौचकुपाचं पेटंट घेतलं, त्यात पाइपला इंग्रजी एस अक्षरासारखा बाक देऊन ही युक्ती वापरली होती; आजही घरोघरी त्याच तत्त्वावर काम चालतं. पण असं वाकण एकच हवं. तुमचा पाइप लांब ठेवून लोंबत सोडला, तेव्हा ट्रॅपच्या पुढे नकळत दुसरं वाकण तयार झालं. त्यातही पाणी साचतं, आणि दोन पाण्यांच्या मधे हवा कोंडते. पाणी खाली जायचं तर त्या हवेला कुठून तरी निघावं लागतं, ती बुडबुड्यांनी वर येते. तीच तुमची गुडगुड. जाता जाता पाणी ट्रॅपमधलं पाणीही ओढून नेतं, ट्रॅप कोरडा पडतो आणि वास येतो. आवाज आणि वास ही दोन वेगळी दुखणी नाहीत.

त्यात पाइप वळ्यांचा. आतून हात फिरवता आला तर कळेल, प्रत्येक वळी म्हणजे एक छोटी पन्हळ आहे. गुळगुळीत पाइपमध्ये जो साका वाहून जातो तो इथे पन्हळीत बसतो. झोळाच्या तळाशी तर पाणी कायम उभंच. गरम भांड्यातून पातळ होऊन आलेलं तेल तिथे गार होतं, थिजतं, भिंतीला चिकटतं. पाणी जड असेल तर त्यातलं कॅल्शियम आणि तेलातली आम्लं मिळून साबणासारखा चिवट, पांढुरका थर होतो. तो मग नुसत्या गरम पाण्याने विरघळत नाही. लंडनमध्ये व्हाइटचॅपल भागाच्या गटारात २०१७ साली सापडलेला असा गोळा २५० मीटर लांब आणि सुमारे १३० टन वजनाचा होता. घराघरांतून गेलेलं थोडंथोडं तेलच ते, वर ओले पुसायचे कागद आणि इतर कचरा.

सोडा आणि व्हिनेगर तुम्ही तीनदा ओतलंत. फेस दिसतो, आवाज होतो, काहीतरी होतंय असं वाटतं. पण तो फेस म्हणजे कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे, आणि सिंक वरून उघडं असताना ते वरच निघून जातात. अडथळ्याला धक्का देत नाहीत. मागे उरतं ते एक प्रकारचं खारट पाणी, आणि ते तेल सोडवत नाही. वेगवेगळे असताना दोघे थोडे तरी उपयोगी असतात, एकत्र केल्यावर एकमेकांना निकामी करतात. नुकसान नाही, पण उपायही नाही.

उकळत्या पाण्याचं मात्र नुकसान आहे. सिंकखालचा पाइप पीव्हीसीचा असेल तर साधारण ६० अंशांपर्यंतच त्याची सहनशक्ती असते. १०० अंशांचं पाणी थेट पडलं की तो मऊ पडतो, आणखी लोंबतो, जोड सैल होतात. शिवाय वितळलेलं तेल घराबाहेर जात नाही. मीटर-दोन मीटर पुढे जाऊन, जिथे आपला हात पोचत नाही तिथे पुन्हा थिजतं. हाताला चटका बसेल-न बसेल इतकं गरम पाणी पुरे.

आणि प्लंबरने मारलेली स्प्रिंग. तिने काम केलं नाही असं नाही, वीस दिवस तरी दिले. पण मऊ चरबीत तार घातली की भोक पडतं आणि तार काढली की भोक हळूहळू मिटतं, थिजलेल्या तुपात सुई घालावी तसं. पाणी जायला लागलं की काम झालं असं वाटतं. थर तिथेच असतो, झोळही तिथेच असतो. माझी त्या माणसाबद्दल तक्रार एवढीच, की सिंकखाली वाकून तो पाइप त्याने बघायला हवा होता.

आता पुढे काय करायचं. कॉस्टिकचं पाणी पूर्ण निघून गेल्यावर, भरपूर गार पाण्याने धुतल्यावर, आणि मधे एक दिवस जाऊ देऊनच सुरू करा. पाणी पुढे सरकतच नसेल, किंवा ट्रॅपमध्ये दाण्यांची दगडासारखी ढेप झाली असेल अशी शंका असेल, तर पुढचं स्वतः करू नका. कॉस्टिक आणि चरबी मिळून अशी ढेप होते, आणि ती फोडताना आतला ओला भाग उडतो. तिथे अनुभवी माणूस बोलवा.

पाणी सरकत असेल तर आधी अडथळ्याची जागा शोधा. मी हे कुणालाही पहिल्यांदा करायला लावतो, कारण जागा कळली की निम्मं काम होतं आणि निम्म्या वस्तू विकत घ्याव्याच लागत नाहीत. सकाळी, कुणी पाणी वापरण्याआधी, एक लिटरचा मग घ्या. एक मग ओता. सिंक रिकामं झालं की लगेच दुसरा, मग तिसरा. कितव्या मगाला पाणी आत जायचं थांबून वर उभं राहिलं ते मोजा. पहिल्याच मगाला थांबलं तर अडथळा जाळीत, ट्रॅपमध्ये किंवा त्या लवचिक पाइपमध्ये, म्हणजे तुमच्या हाताच्या टप्प्यात आहे. दुसरा मग संपता संपता थांबलं तर साधारण दीड मीटरवर, चौथ्याला थांबलं तर तीन मीटरच्या आसपास, भिंतीच्या पलीकडे. हा अंदाजच आहे, बारीक वाटेने थोडं पाणी मधल्या मधे निसटतंच, पण अंधारात चाचपडण्यापेक्षा कितीतरी बरा. त्याच वेळी न्हाणीघरातलं आणि बेसिनचं पाणी बघा. तीही रेंगाळत असतील तर अडथळा सगळ्यांच्या सामाईक पाइपमध्ये आहे. आणि तुम्ही पाणी वापरत नसताना सिंकमध्ये पाणी वर येत असेल, तर ते तुमचं पाणीच नाही. इमारतीचा उभा पाइप खाली कुठेतरी तुंबलाय, आणि तो प्रश्न एका घराने सोडवायचा नसतो.

तुमच्याकडे पहिल्या-दुसऱ्या मगाला थांबेल असं मला वाटतं.

मग सिंकखालचं सामान काढा, खाली पसरट भांडं किंवा बादली ठेवा (ॲल्युमिनियमची नको), हातमोजे आणि चष्मा पुन्हा घाला, कॉस्टिकचा अंश राहिलेला असू शकतो. उघडण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. वॉशर कुठल्या क्रमाने होते ते नंतर कुणालाच आठवत नाही. प्लास्टिकचा बॉटल ट्रॅप असेल तर त्याची खालची वाटी हातानेच फिरते. आतला साका बादलीत पडू द्या, वाटी जुन्या ब्रशने घासा. ती धुवायला दुसऱ्या नळाखाली न्या. ट्रॅप काढलेला असताना सवयीने सिंकचाच नळ सोडणं, किंवा बादली त्याच सिंकमध्ये रिकामी करणं, ही चूक शिकलेले हातसुद्धा करतात आणि सगळं घाण पाणी कपाटात येतं. नळाच्या चावीवर फडकं बांधून ठेवा, म्हणजे हात जायच्या आधी डोळा अडतो.

लवचिक पाइप सोडवल्यावर तो साफ करत बसू नका. वळ्यांतला थर पूर्ण निघत नाही आणि निघाला तरी झोळ राहणारच. त्याऐवजी गुळगुळीत, कडक पाइप बसवून घ्या, ४० मिलिमीटरचा, मोजून कापलेला, भिंतीतल्या तोंडापर्यंत सरळ आणि मीटरला साधारण दोन सेंटिमीटर उताराचा. ट्रॅप एकच. जागा अडचणीची असेल आणि लवचिक पाइपला पर्यायच नसेल, तर जेवढा लागतो तेवढाच ठेवून ताणून बसवा, कुठेही खाली जाऊन पुन्हा वर येणार नाही असा. या एका बदलाला मी बाकी सगळ्या उपायांपेक्षा जास्त महत्त्व देतो, कारण बाकीचे उपाय आजचा अडथळा काढतात, हा पुढचा होऊ देत नाही.

पाइप काढलेला असतानाच भिंतीतल्या तोंडात डोकवा. तिथेही पिवळट, मेणचट थर दिसला तर साधी हाताने फिरवायची तार पुरते, सहा मिलिमीटर जाडीची, तीन ते पाच मीटर लांब. ती सिंकच्या भोकातून घालू नका, ट्रॅपमध्येच अडकते. भिंतीच्या तोंडातून घाला. मूठ घड्याळाच्या दिशेने फिरवत पुढे सरकवा. मऊ, चिकट लागलं तर चरबी आहे: हातभर आत, मग बाहेर, फडक्याने पुसून पुन्हा आत, असं तार बऱ्यापैकी स्वच्छ बाहेर येईपर्यंत. एकदा आरपार गेली म्हणून थांबायचं नाही, नाहीतर पुन्हा तेच वीस दिवस. कडक आपटलं तर बहुतेक वळण असतं. जोर न लावता फिरवत राहा, तार वळून जाते. पाइप जुना, धातूचा आणि गंजलेला असेल तर हात आणखी हलका ठेवा.

परत जोडताना नट हाताने घट्ट करा, मग वाटलं तर पान्ह्याने पाव फेरा, त्याहून जास्त नाही; प्लास्टिकचे नट चिरतात. वॉशर एका बाजूने निमुळता असेल तर ती बाजू जोडाच्या आत जाते, सपाट बाजू नटाकडे. इथे पाणी वॉशर अडवतो, त्यामुळे आट्यांवर टेप गुंडाळायची गरज नसते. मग सिंक काठोकाठ भरून एकदम सोडा आणि प्रत्येक जोडाखालून कोरडा टिश्यू कागद फिरवा. बोटांना न जाणवणारी गळतीही कागदावर दिसते.

प्लंजरबद्दल थोडं, हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी, ज्यांनी अजून आत काही ओतलेलं नाही. सिंकला सपाट तोंडाचा रबरी प्लंजर लागतो. संडासाचा खाली ओठ असलेला वेगळा, आणि तो स्वयंपाकघरात आणूच नये. रबर बुडेल इतकं पाणी सिंकमध्ये हवं. काठाला जास्तीचं पाणी जाण्याचं भोक असेल, किंवा शेजारी दुसरं सिंक असेल, तर ते ओल्या फडक्याने घट्ट बंद करा, नाहीतर सगळा दाब तिथून निघून जातो. भांडी धुण्याच्या मशीनची नळी याच पाइपला जोडलेली असेल तर ती चिमट्याने आवळा. मग पंधरा-वीस वेळा दाबा आणि ओढा. लोक दाबतात जोरात आणि उचलतात हळू. काम ओढण्यानेच जास्त होतं, ओढलं की अडकलेलं ढिलं पडून वर येतं. दोन-तीनदा करून फरक पडला नाही तर सोडा आणि ट्रॅप उघडा.

विकरांची, म्हणजे एन्झाइमची द्रव्यं मिळतात, त्यांच्याविषयीही विचारणा होते. तुंबलेलं सिंक ती उघडत नाहीत, पण वाहत्या पाइपमधला पातळ थर रात्रभरात थोडाथोडा खातात. नवा पाइप बसल्यावर महिन्यातून एकदा वापरायला माझी हरकत नाही. त्यांच्या आगेमागे उकळतं पाणी किंवा ब्लीच टाकलं तर मात्र ती फुकट जातात.

पुढची सवय तिघींनी मिळून लावायची आहे, ती एकट्या तुमची नाही. तेलकट भांडं पाण्याखाली धरण्याआधी कागदाने पुसून कागद कचऱ्यात टाका. उरलेलं तेल गार झाल्यावर डब्यात, तेही कचऱ्यात. पिठूळ, चिकट पाणी पाइपमध्ये खळीसारखं बसतं, त्याच्यामागून भरपूर पाणी सोडा. बारीक भोकांची जाळी बसवा. आणि आठवड्यातून एकदा सिंक काठोकाठ सोसवेल इतक्या गरम पाण्याने भरा, भांडी धुण्याचा साबण टाका, आणि एकदम सोडून द्या. बारीक धारेने पाइपचा फक्त तळ ओला होतो. भरलेलं सिंक सुटलं की पाणी पाइप भरून धावतं आणि भिंतींवरचं घेऊन जातं. दिवसभर नळ सोडून जे होत नाही ते या अर्ध्या मिनिटात होतं.

आज फक्त कॉस्टिकचं पाहा, बाकी काही नको. मोजणी परवा सकाळी करा, ताईंना शेजारी उभं करून, मग मोजायचं काम त्यांच्याकडे द्या. कितव्या मगाला पाणी थांबलं आणि भिंतीतल्या तोंडात काय दिसलं, ते मला कळवा. भिंतीच्या आत तीन मीटरच्या पुढे अडथळा निघाला तर पाइप बदलण्याच्या आधी बोलू.